खोटा खोकला

त्या म्हातारीच्या पेल्यातलं पाणी मी प्यायलो, हे मला अजून खुपतं. स्टेडियमात बाटली आत नेऊ देत नाहीत, म्हणून तिने आतच विकत घेतलेला कागदी पेला होता तो. अर्धा तिने प्यायलेला, कडेला तिच्या लिपस्टिकचा फिकट डाग. बारीक फुलांचा फ्रॉक, पांढऱ्या केसांत खोवलेला कंगवा, गळ्यात क्रूस आणि त्यावर गुंडाळलेला नारिंगी स्कार्फ. सत्तरीची तरी असेल. माझ्या पुढच्या रांगेतून ती मागे वळली, डोळे पाण्याने भरलेले, आणि पेला पुढे करून म्हणाली, "उदक घे पुता." मी घेतला. घटाघटा प्यायलो. आणि वर तिच्याच भाषेत म्हणालो, "देव बरें करूं." तिने मान हलवली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि पुन्हा मैदानाकडे वळली. तिथे आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

खोकला मला झालाच नव्हता. मुंबईने तिसरा गोल मारला होता.

ही गोष्ट 24 एप्रिल 2024 ची. फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम, आयएसएल म्हणजे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनलचा पहिला सामना, एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी. मुलीच्या सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून आम्ही कोकणकन्येने मडगावला उतरलो होतो, आणि सासऱ्यांनी तिकिटं आधीच काढून ठेवली होती. चार तिकिटं, चारही गोव्याच्या स्टँडची. पाहुण्यांसाठी वेगळा कोपरा असतो, तिथे आकाशी रंगाचा एक छोटासा चौकोन ढोल घेऊन बसलेला मला लांबून दिसत होता. मुंबईहून बस करून आलेली पोरं. माझी जागा खरं तर तिथे. पण जावयाने सासऱ्यांनी काढलेलं तिकीट नाकारून दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचं, हे आमच्या घराण्यात तरी बसत नाही. घरातून निघताना मी मुंबईची जर्सी घातली, तर सासरे पायरीवर चपला घालता घालता म्हणाले, "घाल, पण वरून शर्ट घाल. आज साधी मॅच नव्हे." एप्रिलातलं मडगाव ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको. संध्याकाळी साडेसातलाही हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटलेली. पॉलिस्टरची जर्सी, त्यावर सुती शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. पहिल्या दहा मिनिटांतच पाठीवरून घामाची धार कमरेपर्यंत पोचली होती. माझी आठ वर्षांची लेक मात्र ऐटीत होती. आजोने घेऊन दिलेली नारिंगी जर्सी, पाठीवर गोव्याच्या ब्रँडन ह्या खेळाडूचं नाव. ती गोव्याची. जन्म परळचा, शाळा दादरची, पण फुटबॉलात ती आजोळी गेली. ह्या बाबतीत मला घरात कुणी विचारलंच नाही.

सासऱ्यांना सगळा वाडा 'भाई' म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणतो. बोर्ड्याला राहतात, स्टेडियम चालत जायच्या अंतरावर. निवृत्त होईपर्यंत सरकारी नोकरी केली, पण त्यांना त्याबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत संपवतात. ब्रह्मानंद शंखवाळकरबद्दल विचारा, चहा दोनदा गरम करावा लागतो. गोव्याने संतोष ट्रॉफी जिंकली तेव्हाचा तो गोलकीपर आणि कप्तान. भाईंच्या मते त्याच्यानंतर गोलमध्ये उभं राहिलेले सगळे नुसते हातमोजे घातलेले. 2022 ला ब्रह्मानंदला पद्मश्री मिळाली तेव्हा भाईंनी मला फोन केला होता. स्वतःला मिळाल्याच्या आवाजात, आणि थोडं रागावूनही, की इतका उशीर का. आम्ही मुंबईत लहानपणापासून 'डेंपो' म्हणत आलो, ते 'धेंपो' म्हणतात, आणि दर वेळी माझा उच्चार दुरुस्त करतात. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब 2016 मध्ये आय-लीग ह्या जुन्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले तेव्हा ते आठवडाभर जेवणावर गप्प होते असं बायको सांगते. एफसी गोवा त्यांना सुरुवातीला आवडला नव्हता. "हो क्लब न्हय, हें दुकान" असं त्यांचं मत. मग ब्राझीलचा झिको कोच म्हणून आला. झिको फातोर्ड्यात उभा आहे म्हटल्यावर दुकान तर दुकान, भाई गिऱ्हाईक झाले.

आणि मी ह्या घरात आलो ते नेमका त्याच काळात.

2015 ची आमची पहिली दिवाळी. आमच्याकडे दिवाळसण, त्यांच्याकडे नरकासुर जाळायचा आणि पहाटे पाच तऱ्हेचे फोव. चार दिवसांची रजा मी आठवड्यावर नेली होती, कारण 17 नोव्हेंबरला मुंबई फातोर्ड्यात खेळणार होती. तेव्हा मी जर्सी उघड घालून गेलो. नवा जावई, अंगात मस्ती, आणि आदल्याच वर्षी आम्ही पुण्याला 5-0 हाणलेलं ताजं आठवत होतं. भाईंनी आजूबाजूच्या दहा-बारा लोकांशी ओळख करून दिली, "हो आमचो जांवय. मुंबयचो." लोक हसले, कुणी शेंगा दिल्या, कुणी पाठीवर थाप. पहिला गोल खाल्ला तेव्हा सगळे माझ्याकडे वळून नाचले. दुसऱ्याला मागच्याने माझ्या डोक्यावर स्वतःची टोपी घातली. तिसऱ्याला "आनीक एक, आनीक एक" सुरू झालं. तोवर मजा होती, मीही हात जोडून दाखवत होतो. चौथ्यानंतर मात्र काहीतरी बदललं. चिडवणं थांबलं. माझ्याकडे वळून नाचणारे आता माझ्याकडे न बघता नाचू लागले, मग नाचता नाचता एखादा डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघू लागला, आणि मग एकाने मला विचारलं, "चा घेवंया?" त्या चहाने मला जेवढं लागलं तेवढं गोलांनी नाही. चिडवतात तोवर तुम्ही प्रतिस्पर्धी असता. चहा विचारला की तुम्ही आजारी.

सात झाले त्या दिवशी. सात-शून्य. डुडू आणि हाओकीप, दोघांची एकाच सामन्यात हॅटट्रिक, आणि शेवटचा रेनाल्डोचा. पाचव्याला की सहाव्याला नक्की आठवत नाही, पण कुठल्यातरी गोलाला आजूबाजूचे सगळे उठले तसा मीही उठलो आणि माझ्या हातांनी टाळी वाजवली. मी ठरवून वाजवली नव्हती. गर्दीत जनगणमन सुरू झालं की पाय आपोआप जुळतात तसं झालं. वाजवल्यावर मी हाताकडे पाहिलं. भाईंनीही पाहिलं, पण ते काही बोलले नाहीत. घरी परतल्यावर मात्र 'सात' हा शब्द त्या घरात कायमचा माझ्या नावावर लागला. सासूबाई चवथीला नेवऱ्या वाढतात तेव्हा हटकून विचारतात, "सातवी घेतात?" मेव्हण्याने नवा फोन घेतला तेव्हा माझा नंबर त्यात 'सात-शून्य' म्हणून साठवलेला मी स्वतः पाहिलाय. त्यानंतर 2018 च्या ऑक्टोबरात तिथेच आम्ही पाच खाल्ले, आणि त्याच मोसमात सेमीफायनलला, तेही आमच्या अंधेरीत येऊन, गोव्याने पुन्हा पाच घातले. पण पहिल्या सातांची सर कशालाच नाही. तो आकडा आता हुंड्यासारखा. दिला-घेतला कुणी विचारू नये, पण सगळ्यांना माहीत.

परक्यांच्या गर्दीत बसायची माझी ही पहिली वेळ नव्हती, फक्त बाजू उलटी होती. लहानपणी बाबा मला कूपरेजला न्यायचे. रोव्हर्स कप तेव्हा अजून जिवंत होता. बाबांच्या तोंडात मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा ही नावं नातेवाइकांसारखी असायची. गोव्याची टीम आली की आमच्या मधोमध धोबीतलावच्या कुडांतले गोंयकार येऊन बसायचे. गावागावाचे ते कूड, बोटीवर जाणाऱ्यांचे. दोन बोटींच्या मधले दिवस काढायला खाट आणि पेटी ठेवण्यापुरती जागा. ती माणसं एरवी आमच्यासारखीच. तिकिटाच्या रांगेत हिंदी, शेंगावाल्याशी मराठी, पंचाला शिव्या इंग्रजीत. पण साळगावकरने गोल मारला की एका क्षणात तोंडातून कोंकणी फुटायची, आणि आम्हाला कळायचं की आपल्या मांडीला मांडी लावून बसलेला हा माणूस आपला नाही. मला त्याचा राग यायचा. एकदा मी बाबांना विचारलं की हे राहतात आपल्या मुंबईत, मग ओरडतात त्यांच्यासाठी का? बाबा शेंगा सोलत म्हणाले, "नव्वद मिनिटं गावाला जाऊन येतायत रे. येऊ देत." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. त्यांच्यापैकी कुणी कधी खोटा खोकला काढला असेल का, हा प्रश्न तर आत्ता, लिहिताना पडला.

जगात हे असं सरमिसळ बसणं फार ठिकाणी शिल्लक नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांना तीन हजार किंवा मैदानाच्या दहा टक्के, जे कमी असेल तेवढी तिकिटं, आणि ती एका कोपऱ्यात, मधे पोलिसांची भिंत. मँचेस्टरला राहणारा माझा मावसभाऊ एकदा ऑफिसातल्या कुणाच्या तरी सीझन तिकिटावर यजमानांच्या स्टँडमध्ये बसला आणि दीड तास त्याने हात मांडीखाली दाबून ठेवले होते म्हणे. अर्जेंटिनात 2013 पासून कितीतरी वर्षं पाहुण्या प्रेक्षकांना मैदानात पाऊल ठेवायचीच बंदी होती. आपल्याकडे कोलकात्यात 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगालच्या सामन्यात सोळा माणसं गेली. घरून डबा घेऊन, तिकीट काढून मॅच बघायला गेलेली माणसं. भाई त्या दिवसाबद्दल बोलतात तेव्हा आवाज खाली आणतात. तेव्हा कुंपणं, वेगळे दरवाजे, पोलीस हे सगळं उगाच नाही हे मलाही कळतं. तरी पाहुण्यांच्या त्या आकाशी चौकोनात बसून मॅच बघितली की मला जेवढं दिसतं ते पन्नास टक्केच असतं. आपण ओरडतो, आपले ओरडतात, समोर एक नारिंगी भिंत. भिंतीला चेहरे नसतात. आत बसलं की पुढच्या रांगेतली लिपस्टिकसुद्धा दिसते.

आणि रिकामं स्टेडियम तर त्याहून वाईट. करोनाच्या मोसमात सगळी लीग गोव्यातच खेळवली, प्रेक्षकांशिवाय. 13 मार्च 2021 ला मुंबईने पहिल्यांदा कप उचलला, तो ह्याच फातोर्ड्यात. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, समोर मोहन बागान, आणि चहूकडे नुसत्या खुर्च्या. आम्ही परळला टीव्हीसमोर उड्या मारत होतो. मी भाईंना फोन लावला, थोडं खिजवायला. ते म्हणाले की गच्चीवर उभा होतो. स्टेडियमचे दिवे दिसत होते, आवाज काहीच नव्हता. "मेल्या घरात दिवे लावल्यासारखें," ते म्हणाले. मग माझं अभिनंदन केलं. खिजवायचं राहूनच गेलं.

तर 24 एप्रिल. मुंबई येताना जखमी होती. नऊच दिवस आधी कोलकात्यात मोहन बागानकडून 2-1 हरून लीगमध्ये पहिल्याला मिळणारी शील्ड हातची घालवलेली. सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने गोव्याचा पहिला घातला आणि स्टँड जागचा उठला. उत्तरार्धात ब्रँडनने दुसरा. ब्रँडन फर्नांडिस मडगावचा, म्हणजे घरचा पोर, त्यामुळे त्या गोलाला जो आवाज झाला तो 'फोर्सा गोवा'च्या घोषणेचा नव्हता. शेजारच्या घरातला मुलगा पहिला आल्यावर व्हरांड्यात होतो तो आवाज. माझी लेक खुर्चीवर उभी राहून स्वतःची पाठ आजूबाजूच्यांना दाखवत होती, नाव वाचा म्हणून. फ्रॉकवाल्या आजीने मागे वळून तिचा गाल ओढला, पापा घेतला. मी टाळ्या वाजवल्या. ह्या वेळी मुलीसाठी वाजवल्या असं स्वतःला सांगितलं. घामाने शर्ट आता पारदर्शक होऊ लागला होता आणि मी दर पाच मिनिटांनी छातीकडे बघत होतो, आकाशी दिसत तर नाही ना.

ऐंशीव्या मिनिटाच्या आसपास लोक मोबाइलचे दिवे हलवू लागले. भाई मात्र हाताची घडी घालून तसेच. 2015 च्या डिसेंबरातली फायनल त्यांनी इथेच बसून पाहिली होती. गोवा नव्वदाव्या मिनिटापर्यंत 2-1 पुढे होता आणि चेन्नईनने दोन-तीन मिनिटांत दोन गोल करून कप नेला. तेव्हापासून भाई शिट्टी वाजेपर्यंत हसत नाहीत. लेकीने "आजो, जिंकलो ना?" विचारलं, तर ते फक्त "रांव" म्हणाले. थांब.

नव्वदाव्या मिनिटाला मुंबईच्या छांगतेने एक परत केला. स्टँडमध्ये थोडी चुळबुळ, दोन शिव्या, कुणीतरी म्हणालं, होऊ दे, लाजेपुरता एक. माझ्या पोटात काहीतरी हललं, पण ते दाबता येण्यासारखं होतं. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने दुसरा घातला आणि मी खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली. इतकी घट्ट की दुसऱ्या दिवशीही तळव्यावर प्लास्टिकच्या शिवणीचा वण होता. अशा वेळी शरीर कसं वागतं ह्याची मला कल्पना नव्हती. दुःख दडपायची आपल्याला सवय असते, आयुष्यभर तेच करतो आपण, ऑफिसात, लग्नाकार्यात, इस्पितळाच्या लॉबीत. आनंद दडपायची सवय कुणालाच नसते. तो घशात येतो, कानशिलं गरम होतात, डोळ्यांतून पाणी येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस बिचारा कोलमडलाय. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन अनोळखी माणसं एकाच क्षणी रडवेली झालेली, एकाच कारणाने, आणि कारण अगदी उलटं.

मग सहाव्या जादा मिनिटाला छांगतेनेच मुंबईचा तिसरा घातला.

तो माझ्या तोंडून निघालाच. अर्धा. "ये" असं काहीतरी बाहेर पडलं आणि मी त्याचा खोकला केला. वाकून, तोंडावर मूठ धरून, जमेल तितका खरा. एकदा सुरू केल्यावर लगेच थांबवताही येईना, म्हणून बराच वेळ खोकलो. आणि त्या बाईने, जिचा संघ सहा-सात मिनिटांत जिंकत आलेला सामना हरला होता, जिला स्वतःला त्या क्षणी पाण्याची माझ्याहून जास्त गरज होती, तिने मागे वळून स्वतःचा पेला मला दिला. समोरच्या टोकाला आकाशी चौकोन वेडा झाला होता. बाकीचं स्टेडियम इतकं शांत की त्यांच्या ढोलाचा एकेक ठोका वेगळा ऐकू येत होता. माझे लोक तिकडे एकमेकांच्या अंगावर पडत होते आणि मी इकडे, शत्रूच्या गोटात, शत्रूचं पाणी पीत, शत्रूच्या भाषेत आभार मानत होतो. शत्रू हा शब्द लिहिला खरा, पण त्या फ्रॉककडे बघून तो कुणालाही लागू पडला नसता.

लेक रडत होती. आवाज न करता, नाक पुसत, नारिंगी बाहीने. मी तिला जवळ घेतलं. तिने माझ्या छातीला कान लावला, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि कानात म्हणाली, "बाबा, तू खोटं खोकलास." मी काहीच बोललो नाही. ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "आजीला सांगू नकोस," आणि बोटाने पुढच्या रांगेकडे दाखवलं. तिच्या हातून चार-चौघांत कधी काही लपलेलं मी पाहिलेलं नाही, पण ही गोष्ट तिने आजतागायत कुणाला सांगितलेली नाही. आता मीच सांगतोय.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पाच दिवसांनी अंधेरीत परतीच्या सामन्यात मुंबई 2-0 जिंकली, मे महिन्याच्या 4 तारखेला कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून कपही आणला. मी तो आनंद घरी मोठ्याने ओरडून साजरा केला, आणि खरं सांगतो, तो फातोर्ड्यातल्या अर्ध्या खोकल्याएवढा झाला नाही. त्याच उन्हाळ्यात ब्रँडन मुंबई सिटीत आला. ज्याचं नाव पाठीवर घालून माझी पोर रडली होती तो आता आकाशी जर्सीत अंधेरीला खेळणार. छांगते मिझोरामचा, बोरिस मणिपूरचा, मुंबईची मालकी त्या वेळी मँचेस्टरवाल्यांकडे, कोच झेक. तेव्हा आपला कोण, ह्याचा हिशोब मी कधीच सोडून दिला होता. लेकीने मात्र सोडला नव्हता. तिने दोन दिवस विचार करून ठरवलं की ती ब्रँडनची बाजू घेईल पण मुंबईची नाही. हे कसं जमवणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तू नाही का जमवलंस?" भाईंना फोनवर बातमी सांगितली तर पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "बरें जालें. जेवणाखाणाकडे लक्ष ठेवा पोराच्या." जणू ब्रँडन आमच्याकडे परळला राहायला येणार होता.

त्या रात्री सामना सुटल्यावर आम्ही चालतच निघालो. एवढी माणसं आणि एवढ्या कमी आवाजात चालताना मी फक्त अंत्ययात्रेत पाहिलीत. कोपऱ्यावरच्या गाड्याशी भाई थांबले. चार रोस ऑमलेट सांगितली. तव्यावर अंडं, वरून कोंबडीचा रस, बारीक कांदा, बाजूला पाव. कंदिलासारखा एक बल्ब आणि भोवती चिलटं. कुणी बोलत नव्हतं. लेक पाव रसात बुडवून बुडवून खात होती, रडून भूक लागलेली. मी खिशात हात घातला तर भाईंनी मनगट धरलं. "तुमी जिंकल्यात म्हणून पैसे दिवपाचे न्हय," म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, रसात बोट बुडवून चव घेत, "तो वरचो शर्ट काड आतां. भिजून चिंब जालास."

मी बटणं उघडली नाहीत. घरी येऊन अंघोळ केली, जर्सी आणि शर्ट बादलीत टाकले आणि झोपलो. सकाळी उठलो तर सासूबाईंनी सगळं धुऊन मागच्या अंगणात दोरीवर वाळत घातलं होतं. लेकीची छोटी नारिंगी, भाईंची मोठी नारिंगी, आणि त्यांच्या मधोमध माझी आकाशी, चिमटे लावून, पाठ रस्त्याकडे. कुंपणापलीकडून शेजारीण दात घासत घासत बघत होती. तिने विचारलं, हें कोणाचें? सासूबाई फुलं काढत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"आमच्या साताचें," त्या म्हणाल्या.